पुरावा आमच्या खिशात, किल्ली कोणाच्या हातात?

कुर्डुवाडी जंक्शनवर वाढलेल्या जुन्या माणसांना बार्शी लाइट रेल्वे चांगली आठवते. १८९७ साली येथून बार्शीकडे अडीच फुटी रुळांवरून छोटी गाडी सुरू झाली. मोठ्या गाडीचा डबा छोट्या रुळावर चालत नसे. म्हणून आलेला माल येथे उतरवायचा, हमालाच्या पाठीवरून पलीकडे न्यायचा आणि छोट्या डब्यात भरायचा, असा प्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालला. आता सारे रूळ एकाच मापाचे झाले. परंतु आमच्या समाजाचा एक माल अजूनही मधल्या फलाटावरच पडून राहतो आहे. तो माल म्हणजे मोबाइलमधला पुरावा.

गेल्या वर्षीच्या भीमजयंतीनंतर माढा तालुक्यातील एका गावचा तरुण आमच्याकडे आला. गावात ऊस, पाणी आणि बाजारभाव यांच्या चौकशीसाठी केलेला व्हॉट्सॲपचा ग्रुप होता. त्यात सर्व जातींची दोनशेच्या आसपास माणसे. मिरवणुकीवरून वाद झाला आणि एकाने त्या ग्रुपवर स्वतःच्या आवाजात जातिवाचक शिव्या आणि बाबासाहेबांविषयी अत्यंत घाणेरडे शब्द टाकले. अर्ध्या गावाने ते ऐकले. रात्री टाकणाऱ्यानेच ते सर्वांच्या मोबाइलवरून पुसून टाकले. तोवर या तरुणाच्या मित्राने ते वाजवून दुसऱ्या मोबाइलवर उतरवून घेतले होते. सकाळी दोघे पोलीस ठाण्यात गेले. काय बोलला ते कागदावर लिहून द्या आणि स्क्रीनचा फोटो काढून त्याची झेरॉक्स आणा, असे त्यांना सांगण्यात आले. आवाजाची झेरॉक्स कशी काढायची, हे मात्र कोणी सांगितले नाही. गुन्हा नोंदला जायला कित्येक दिवस गेले. मोबाइल कोणी ताब्यात घेतला नाही, त्याचा पंचनामा झाला नाही. दोन महिन्यांनी मित्राचा मोबाइल बिघडला आणि तो दुकानात देऊन त्याने दुसरा घेतला. आता हाती उरली आहे ती चौघांनी एकमेकांना पाठवलेली नक्कल. ज्यांनी ते शब्द ऐकले ते आरोपीच्या भावकीच्या शेतात खुरपणीला आणि ऊसतोडीला जातात, त्यामुळे त्यांना काही आठवत नाही. आणि न्यायालयात आरोपीचे वकील दोनच प्रश्न विचारतात: मूळ कोठे आहे? प्रमाणपत्र कोठे आहे?

हे कोणत्या ठाण्यात घडले हे सांगण्यात अर्थ नाही. ज्या ज्या जिल्ह्यात आमचे वकीलबंधू ॲट्रॉसिटीचे खटले चालवतात, त्या त्या जिल्ह्यात ही कथा त्यांच्या ओळखीची आहे. तो तरुण खोटे बोलतो असे कोणीही म्हणत नाही. तरीही त्याचे खरे न्यायालयाच्या दारापर्यंत पोहोचत नाही. कायद्याने संगणक ओळखला, इंटरनेट ओळखले, मोबाइलही ओळखला. परंतु तो मोबाइल बाळगणारा भूमिहीन माणूस त्याने अद्याप ओळखलेला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कायदा काय सांगतो ते आधी समजून घेऊ. माहिती-तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. त्याच कायद्याने १८७२ च्या जुन्या पुरावा कायद्यात कलम ६५-ब घातले. संगणकातील नोंदीची नक्कल न्यायालयात द्यायची असेल तर त्या संगणकावर ज्याचा ताबा आहे त्याने ठरावीक मजकुराचे प्रमाणपत्र द्यावे, असा त्याचा सरळ अर्थ. हे प्रमाणपत्र सक्तीचे की ऐच्छिक, यावर सर्वोच्च न्यायालयाचे मत पंधरा वर्षे हेलकावे खात राहिले. २००५ साली संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात ते नसले तरी चालेल असे ठरले. २०१४ साली ते सक्तीचे झाले. २०१८ साली पुन्हा सैल झाले. शेवटी १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने या वादावर पडदा टाकला. तो खटला आमच्याच महाराष्ट्रातला, जालन्याचा होता.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर अवघ्या २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत उलटल्यावर घेतला गेला, अशी तक्रार घेऊन पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल न्यायालयात गेले. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात कॅमेरे लावलेले होते, म्हणजे पुरावा सरकारच्याच घरात होता. त्याच्या तबकड्या मिळाल्या; पण कलम ६५-ब चे प्रमाणपत्र मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नक्कल द्यायची तर प्रमाणपत्र हवेच. मात्र मूळ उपकरणाच्या मालकाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून ते उपकरणच हजर केले, तर प्रमाणपत्राची गरज नाही. आणि ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तो प्रमाणपत्र देत नसेल, तर पक्षकाराने न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवून घ्यावे. ज्याने आपल्याकडून सर्व प्रयत्न केले आणि तरीही ज्याला ते मिळाले नाही, त्याच्यावर कायदा अशक्य गोष्टीची सक्ती करणार नाही. गोरंट्याल यांना त्याचा लाभ मिळाला.

हा निकाल आम्हाला महत्त्वाचा वाटतो. पण त्यातून एक कडू प्रश्नही उभा राहतो. ज्या माणसाने आमदारकी भोगली आहे, ज्याच्या मागे मोठा पक्ष आणि नामवंत वकील आहेत, त्याला सरकारी अधिकाऱ्याकडून एक कागद मिळू शकला नाही. मग गावकुसाबाहेरच्या बाईने तो कोणाकडून आणायचा?

१ जुलै २०२४ पासून जुना पुरावा कायदा गेला आणि त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ आला. आता कलम ६५-ब च्या जागी कलम ६३ आहे. मोबाइलचा स्पष्ट समावेश झाला, ही चांगली गोष्ट. परंतु प्रमाणपत्राचे आता दोन भाग झाले आहेत. भाग अ उपकरण ज्याच्याकडे आहे त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. शिवाय त्या नोंदीचे हॅश मूल्य लिहायचे. हॅश मूल्य म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. फाइलमधले एक अक्षर, एक ठिपका बदलला की हा ठसा बदलतो. बनावट पकडण्याचे हे उत्तम साधन आहे आणि त्याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. आमचा सवाल वेगळा आहे. भाग ब भरणारा तज्ज्ञ म्हणजे नेमका कोण, हे कलम ६३ सांगत नाही. तो तालुक्याला कोठे भेटतो, किती पैसे घेतो, अत्याचारग्रस्ताला तो सरकारने पुरवायचा की नाही, याचाही त्यात उल्लेख नाही. मोठ्या कंपनीला, बँकेला असा तज्ज्ञ दारात मिळतो. आमच्या माणसाला मात्र मोबाइल दुरुस्तीच्या दुकानापलीकडे कोणी ठाऊक नाही. कायदा सर्वांना समान, पण त्याची फी सर्वांना समान परवडत नाही!

काही बांधव म्हणतील, साक्षीदार आहेत, पंच आहेत; मोबाइलच्या पुराव्याचे एवढे काय घेऊन बसलात? त्यांनी खर्डा आठवावे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात २८ एप्रिल २०१४ रोजी आमच्या शाळकरी मुलाचा दिवसाढवळ्या खून झाला. साक्षीदार एकापाठोपाठ एक फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने खटल्यातील आरोपींना निर्दोष सोडले. त्यानंतर पाचच आठवड्यांनी २ जून २०१४ रोजी पुण्यात फेसबुकवरील आक्षेपार्ह चित्रांचे निमित्त होऊन हिंसाचार उसळला आणि हडपसरला आमच्या सोलापूरचा एक निरपराध मुस्लिम तरुण, संगणकावर पोट भरणारा, केवळ दिसण्यावरून मारला गेला. जानेवारी २०२३ मध्ये त्या खटल्यातील आरोपीही सबळ पुराव्याअभावी सुटले. ज्या गावात मजुरी, रेशन, पाणी आणि वाट सारे काही वरच्या आळीच्या हाती असते, तेथे साक्षीदाराची जीभ किती दिवस टिकणार? आम्ही साक्षीदाराला दोष देत नाही. त्याच्या पोटाला आम्ही काय दिले, हा प्रश्न आधी स्वतःला विचारला पाहिजे. पण मोबाइलला उसाचा फड नसतो, त्याला सोसायटीचे कर्ज नसते. नीट जपला तर तो फितूर होत नाही. म्हणूनच तो आमच्यासाठी चैनीची वस्तू राहिलेला नाही, तो आमचा पंच आहे.

आता कायद्याचा दुहेरी चेहरा पाहा. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर झालेल्या बंदवर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि दुसरीने त्या पसंत केल्या. दोघींना लगेच अटक झाली. तेथे कोणी मूळ उपकरण मागितले नाही, प्रमाणपत्र मागितले नाही. माहिती-तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ त्यासाठी पुरेसे ठरले. हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले. घटनेतील भाषणस्वातंत्र्याच्या बळावर ते रद्द झाले, याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्यानंतर दोनच महिन्यांनी शिर्डीत आमच्या एका तरुणाचा खून झाला आणि त्याच्या मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली हे त्याचे निमित्त होते, असे पुढे आले. सत्तेतल्यांचे मन दुखावले तर चार ओळींना अटक. आणि आमची रिंगटोन वाजली तर थेट जीव! तंत्रज्ञान नवे आले, जातीचा राग मात्र जुनाच राहिला.

ॲट्रॉसिटी कायद्याने इंटरनेटची दखल घेतलेली नाही असे मात्र नाही. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, कलम ३(१)(व्ही) आले. अनुसूचित जाती-जमातींना वंदनीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा लेखी, तोंडी किंवा अन्य कोणत्याही मार्गाने अनादर करणे हा त्याने गुन्हा ठरला. ‘अन्य कोणत्याही मार्गाने’ या शब्दांत मोबाइलवरची चित्रफीत आली, आवाजही आला. जातीवरून अपमान करण्याच्या कलमात ‘लोकांच्या नजरेसमोरील ठिकाणी’ अशी अट आहे. इंटरनेट हे असे ठिकाण आहे काय, हा प्रश्न केरळ उच्च न्यायालयासमोर २०२२ साली आला. इंटरनेटवर टाकलेली चित्रफीत जेव्हा जेव्हा कोणी उघडून पाहतो तेव्हा तेव्हा पीडित व्यक्ती तेथे हजर आहे असे धरावे, असे त्या न्यायालयाने म्हटले. हा विचार आम्हाला मोलाचा वाटतो. मात्र त्याबरोबर सर्वोच्च न्यायालयाचा २३ ऑगस्ट २०२४ चा निकालही वाचला पाहिजे. एका यूट्यूब वाहिनीच्या चालकाला अटकपूर्व जामीन देताना न्यायालयाने सांगितले की अनुसूचित जातीच्या माणसाचा प्रत्येक अपमान हा जातीवरून केलेला अपमान ठरत नाही. जातीमुळेच मानहानी केली हे दिसले पाहिजे. म्हणजे नेमके कोणते शब्द, कोणत्या संदर्भात, किती लोकांसमोर, हे सिद्ध करणे आले. आणि ते सिद्ध होणार कशाने? मूळ नोंदीने. गाडी पुन्हा त्याच फलाटावर येऊन थांबते.

पुरावा आमच्या खिशात असतो तेव्हा ही अवस्था. तो सरकारच्या कपाटात असतो तेव्हा काय होते, हे परभणीने दाखवले. १० डिसेंबर २०२४ रोजी तेथे बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद झाला, मग पोलीस आमच्या वस्त्यांत शिरले. कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी पकडला गेला आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का असे कारण आले. इकडे विधानसभेत मुख्यमंत्र्यांनी सांगितले की सीसीटीव्ही चित्रणात मारहाण दिसत नाही. ज्या चित्रणाचा हवाला मुख्यमंत्री सभागृहात देतात, ते पाहण्याचा पहिला अधिकार त्या मुलाच्या आईचा नव्हता काय? ती माउली न्यायालयात गेली. ॲड. प्रकाश आंबेडकर तिच्या बाजूने उभे राहिले. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने शासनाचे आव्हान फेटाळले. एक साधा गुन्हा नोंदवून घेण्यासाठी सात महिने आणि दोन न्यायालये लागली!

प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे असावेत आणि त्यांचे चित्रण अठरा महिने, निदान एक वर्ष तरी जपावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी आदेश देऊन सांगितलेले आहे. तरीही ठाण्यांतील कॅमेरे चालत नाहीत म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. कॅमेरा आमच्या वस्तीतल्या पोरांवर रोखलेला असतो तेव्हा तो कधी बंद पडत नाही. ठाण्याच्या कोठडीवर रोखलेला कॅमेराच नेमका का बंद पडतो?

तिसरी अवस्था सर्वांत भयंकर आहे. पुरावा आमच्याच यंत्रात, पण तो आम्ही ठेवलेलाच नाही! भीमा कोरेगावनंतर एल्गार परिषदेच्या प्रकरणात जून २०१८ मध्ये रोना विल्सन, नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग, आंबेडकरी कार्यकर्ते सुधीर ढवळे आदींना अटक झाली. खटल्याचा मोठा आधार संगणकात सापडलेली पत्रे हा आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेचा अहवाल पुढे आला. विल्सन यांच्या संगणकात बाहेरून घुसखोरी करून ती पत्रे पेरण्यात आली, असा त्याचा निष्कर्ष होता. फादर स्टॅन स्वामी यांच्या संगणकाबाबतही तसाच अहवाल आला, पण तोवर, ५ जुलै २०२१ रोजी, ते कोठडीत असतानाच वारले होते. राष्ट्रीय तपास यंत्रणेला हे निष्कर्ष मान्य नाहीत. जप्तीच्या वेळीच हॅश मूल्य दिले गेले नाही, ही बचाव पक्षाची तक्रार आहे. खरे काय ते न्यायालयात ठरायचे. पण ढवळे आणि विल्सन यांना मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये जामीन दिला तेव्हा साडेसहा वर्षे उलटली होती आणि आरोपही निश्चित झालेले नव्हते. माढ्याच्या तरुणाला हॅश मूल्य नाही म्हणून न्याय मिळत नाही. आणि कार्यकर्त्यांना मात्र हॅश मूल्याची तक्रार असतानाही तुरुंगात वर्षे काढावी लागतात. हीच फूटपट्टी दोघांना का नाही, एवढेच आम्ही विचारतो.

आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. कोणाच्याही आवाजात काहीही बोलवून घेता येते, कोणाच्याही तोंडावर कोणतेही शब्द चढवता येतात. उद्या खरा शिवीगाळ करणाराही सांगेल की हा माझा आवाज नाही, यंत्राने बनवलेला आहे. आणि परवा आमच्याच कार्यकर्त्याच्या नावाने बनावट चित्रफीत फिरवून दंगल पेटवली जाईल. दोन्ही वेळी बचाव एकच: मूळ नोंद, तिचा ठसा आणि ती कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली याचा अखंड हिशोब. ज्यांच्याकडे तो नसेल त्यांचे खरेही खोटे ठरेल. हे संकट सर्वांत आधी आमच्यावर येणार, कारण आमच्या शब्दावर विश्वास न ठेवण्याची या समाजाला हजारो वर्षांची सवय आहे.

येथे आम्हाला महाड आठवते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे लहान मुलालाही माहीत आहे. परंतु त्यानंतर स्पृश्यांनी त्यांच्यावर दावा लावला, तळे आमच्या खासगी वहिवाटीचे आहे असे म्हटले आणि तो दावा खालपासून उच्च न्यायालयापर्यंत दहा वर्षे चालला, हे किती जणांना ठाऊक आहे? १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला. अनादी काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, म्हणून ते हरले. सत्याग्रहाने हक्क जागा झाला आणि पुराव्याने तो कायम झाला. रस्त्यावरची लढाई आम्ही बाबासाहेबांकडून शिकलो. कागदावरची लढाई, एकेक पुरावा जपण्याची ती चिकाटी, मात्र आम्ही अर्ध्यावर सोडली. मोर्चाला हजार माणसे येतात, पण खटल्याच्या तारखेला फिर्यादी एकटाच असतो. पुढाऱ्यांचे निवेदन देतानाचे फोटो जपले जातात, अत्याचाराचे चित्रण मात्र कोणी जपत नाही.

म्हणून शासनाकडे आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, ॲट्रॉसिटीच्या फिर्यादीत मोबाइलचा पुरावा असेल तर त्याच दिवशी पंचनामा करून, हॅश मूल्य घेऊन त्याची प्रमाणित नक्कल पोलिसांनी करावी आणि मोबाइल परत द्यावा. गरिबाच्या घरी एकच मोबाइल असतो. बँकेचा ओटीपी त्यावर, मुलीची शिष्यवृत्ती त्यावर. तो मुद्देमाल म्हणून वर्षानुवर्षे कपाटात पडणार असेल तर कोण पुरावा देईल? दुसरी, कलम ६३ च्या भाग ब साठी प्रत्येक तालुक्याला तज्ज्ञ नेमून त्यांची यादी जाहीर करावी आणि अत्याचारग्रस्तांसाठी ती सेवा विनामूल्य ठेवावी. तिसरी, कोठडीत मारहाण किंवा मृत्यूची तक्रार येताच त्या ठाण्याचे चित्रण आपोआप न्यायदंडाधिकाऱ्याच्या ताब्यात जावे. चौथी, कोणाचाही संगणक वा मोबाइल जप्त करताना हॅश मूल्य लिहिलेली पावती मालकाच्या हातात जागेवरच द्यावी.

पण शासन देईल तेव्हा देईल. कायद्याने आज जे हाती दिले आहे ते तरी आपण वापरतो काय? ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम १५-अ वाचा. कोणताही दस्तऐवज, वस्तू किंवा साक्षीदार हजर करण्यासाठी विशेष न्यायालयाकडे अर्ज करण्याचा हक्क त्यातील पोटकलम ४ ने पीडिताला स्वतःला दिला आहे. जालन्याच्या निकालाशी तो जोडून वापरला तर ग्रामपंचायतीच्या कॅमेऱ्यापासून मोबाइल कंपनीच्या नोंदीपर्यंत सर्व मागवता येते. या कायद्याखालील कार्यवाहीचे चित्रण व्हावे असे पोटकलम १० सांगते. दस्तऐवज आणि इलेक्ट्रॉनिक नोंद बिनचूक तयार करणे हे कलम ४ ने लोकसेवकाचे कर्तव्य ठरवले आहे आणि त्यात जाणीवपूर्वक कसूर हा गुन्हा आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. तीन दिवसांत जाऊन सही करायची एवढेच. आधी प्राथमिक चौकशी करतो, मग गुन्हा नोंदतो, असे कोणी म्हणाले तर ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम १८-अ दाखवा. तेथे प्राथमिक चौकशीची गरज नाही असे स्पष्ट लिहिले आहे.

आणि धम्मबांधवांनो, काही गोष्टी तर कायद्याविनाही करता येतात. अत्याचाराचे चित्रण किंवा आवाज हाती आला तर तो कापू नका, त्यावर गाणे-अक्षरे चढवू नका. व्हॉट्सॲपवरून फिरवलेली नक्कल दाबली जाते आणि तिचा ठसा बदलतो, म्हणून मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा आणि तिची एक प्रत पेनड्राइव्हवर काढा. कोणी, कधी, कोठे, कोणत्या मोबाइलवर घेतले हे त्याच दिवशी वहीत लिहून दोघांच्या सह्या घ्या. तो मोबाइल विकू नका, दुकानात देऊ नका. बिघडला तरी पेटीत ठेवा. शिवीला शिवीने उत्तर देऊ नका. तुमची शिवी मात्र लगेच प्रमाणपत्रासह न्यायालयात पोहोचेल. खात्री नसलेला मजकूर पुढे पाठवू नका; सम्यक वाचेचे शील मोबाइलवरही लागू आहे. प्रत्येक बुद्ध विहारात संगणक शिकलेली दोन मुले-मुली आणि तालुक्यात एक वकील यांनी मिळून हे काम अंगावर घ्यावे. त्याला मोठा निधी लागत नाही, पुढारी तर मुळीच लागत नाही.

माढ्याच्या त्या तरुणाचा खटला अजून उभा आहे. आम्ही कलम १५-अ खाली अर्ज केला आहे. दोनशे जणांच्या ग्रुपमधील कोणाच्या तरी मोबाइलवर, कोणाच्या तरी जुन्या साठवणीत ते शब्द अजून असतील, अशी आशा आहे. ग्रुपमधील एका मराठा शेतकऱ्याने, आपल्या मुलाच्या सांगण्यावरून, स्वतःचा मोबाइल तपासायला देण्याची तयारी दाखवली आहे. त्या बाप-लेकांना आमचा जयभीम! त्यातून काय निघेल ते सांगता येत नाही. पण आता गावातली आमची पोरे मूळ म्हणजे काय आणि नक्कल म्हणजे काय, हे एकमेकांना समजावून सांगतात. हमालीचे दिवस संपवायचे असतील तर आपल्या मालाची पावती आपल्या हातात असली पाहिजे. ती मागायला आणि जपायला शिका.